बेदगेलर्टची सहल : बसभाड्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

मराठी शाळेची सहल मे महिन्यात वेल्समधल्या बेदगेलर्टला न्यायची आहे आणि बसचे पैसे अजून जमलेले नाहीत. म्हणून घाईघाईत हे पत्र.

बेदगेलर्टच का, असे बैठकीत विचारले गेले. एररी डोंगररांगेत, ग्लासलिन आणि कोल्विन नद्यांच्या संगमावर वसलेले हे दगडी घरांचे चिमुकले गाव. गावाच्या नावाचा अर्थ 'गेलर्टची कबर'. राजा लेवेलिन शिकारीहून परतला, पाळण्याजवळ रक्ताने माखलेला आपला कुत्रा गेलर्ट पाहून त्याने तलवार चालवली. मग बाळ सुखरूप आणि शेजारी लांडगा मेलेला दिसला. ऐकल्यासारखी वाटते ना? पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्टच ही! (नाव खरे तर बहुधा केलर्ट नावाच्या संताचे, आणि ती कबर अठराव्या शतकाअखेर तिथल्या हॉटेलमालकाने रचली म्हणतात. मुलांना हे परतीच्या वाटेवर सांगू.)

दुसरे कारण भाषेचे. ग्वेनेड परगण्यात आजही तिघांतले जवळपास दोघे वेल्श बोलतात. "मराठी शिकून काय करू?" म्हणणाऱ्या आपल्या मुलांनी दुकानात, रस्त्यात वेल्श कानांनी ऐकावी.

मागच्या सहलीला पहिला चेक देणाऱ्या आजींचे नाव लिहिलेले त्यांना चालत नाही, पण तुम्ही ओळखलेच असेल. पेन्शनमधून पैसे दिले, वर सगळ्या मुलांना पुरतील इतक्या दशम्या आणि तिळाची चटणी. बसमध्ये भूपाळीपासून भेंड्यांपर्यंत म्हणून घेणारे आपले तबलजी काका, फाटलेली पुस्तके रात्री जागून बांधणारे दांपत्य... शाळा अशा माणसांवर चालली आहे.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला मात्र फक्त सात जणांनी उत्तर दिले. दिवाळीच्या फराळाला हॉलमध्ये उभे राहायला जागा नव्हती. असो. बेदगेलर्टला १९३०च्या दशकात बंद पडलेली छोटी रेल्वे स्वयंसेवकांनी आणि देणगीदारांनी पुन्हा उभी करायला हात लावला, २००९ मध्ये गाडी परत गावात आली. आपल्याला एक बस करायची आहे.

लागतात ९०० पौंड, जमले ३१०. शुक्रवारपर्यंत खजिनदारांकडे द्या (खाते नेहमीचेच, संदर्भात 'सहल' लिहा), पावती रविवारी शाळेत. मुलांची नावेही तेव्हाच. रेनकोट आणा, तिथे पाऊस असतोच.

आपला,
कार्यवाह