मतदार उदासीन नाही हो, वैतागलाय

संपादक महोदय,

महापालिका निवडणुकीवरचा कालचा अग्रलेख वाचला. मतदार सुट्टी मिळाली की फिरायला जातो, लोकशाहीची चाड राहिली नाही वगैरे वगैरे. छान लिहिलंय. फक्त हे असले चार-चार नगरसेवकांचे प्रभाग पाडले कोणी, त्यावर एखादी ओळ टाकली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

मी मतदान केलं. एका प्रभागात चार जागा, म्हणून अ, ब, क, ड करत चार बटणं दाबली. माझ्या पुढच्या आजींनी एक दाबलं आणि निघाल्या, मशीन काही वाजेना, तशी केंद्रातली मुलगी ओरडली, "आजी, अजून तीन राहिलीत!" आजी म्हणाल्या, "त्यांना मी ओळखतच नाही." आता बोला.

मुंबईत एका वॉर्डाला एक नगरसेवक चालतो आणि आम्हाला मात्र चौकडी, ती कशासाठी? २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मग महाविकास आघाडीने तीनचा ठरवला, शिंदे सरकार आलं की परत चारचा. मुंबईतसुद्धा वॉर्ड २२७ चे २३६ केले आणि पुन्हा २२७. ज्याला जे सोयीचं. चेंबर तुंबलं की अ चा नगरसेवक म्हणतो तो पट्टा क बघतो, क म्हणतो ड ला फोन करा, आणि ड चा फोन कायम बिझी.

प्रभागांची प्रारूप म्हणजे कच्ची रचना आली तेव्हा मी रीतसर हरकत घेतली होती. आमची कॉलनी नाल्याच्या अलीकडे आणि जोडलीय पलीकडच्या भागाला, मधे पूल नाही, जायचं तर हायवेला वळसा. नाले, रेल्वेलाइन, मोठे रस्ते यांच्या हद्दी पाळा असं यांच्याच नियमात आहे म्हणून त्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारून, नाल्याचा फोटो लावून अर्ज दिला. सुनावणीला अर्धा दिवस रजा टाकून गेलो. साहेब मान वर न करता म्हणाले, "हरकत क्रमांक?" सांगितला. "लेखी दिलंय ना? मग झालं. पुढचे या." अंतिम रचनेत रेघ होती तिथेच. आणि लोकसंख्या कुठली धरली, तर २०११ च्या जनगणनेची! तेव्हा नाल्यापलीकडे ऊस होता, आता टॉवर आहेत, पण यांच्या कागदावर अजून ऊसच.

घटनेत पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं स्पष्ट लिहिलंय, तरी २०२२ पासून नगरसेवकांच्या जागी सरकारी प्रशासकच बसला होता, सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये कान उपटले तेव्हा कुठे हलले. एवढी वर्षं नगरसेवकच नसल्याने आमचं काही अडलं नाही असं समजू नका, तक्रार करायला माणूसच नव्हता. आणि आता एकदम चार.

तेव्हा उदासीन कोण ते जरा तपासून लिहावं ही विनंती.

जाता जाता, प्रभागांचे नकाशे तुम्ही पोस्टाच्या तिकिटाएवढे छापले होते, भिंग लावूनही आमचा नाला दिसला नाही. मतदानाच्या आठवड्यात मात्र पहिलं पान उमेदवारांच्या जाहिरातींना अख्खं मिळत होतं. तेवढी जागा नकाशाला दिली असती तर हरकती तरी वाढल्या असत्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार