घाटाच्या दरजा भरायच्या आहेत : वाईकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

कृष्णाबाईचा, म्हणजे आपल्या कृष्णा नदीचा, उत्सव सात ठिकाणी मांडणाऱ्या गावाला घाटाचं मोल आम्ही सांगावं असं नाही. पेशव्यांचे सरदार असलेल्या रास्त्यांनी गावाला सढळ हातानं दिलं. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं देऊळ उभारताना मागची भिंत माशाच्या आकाराची घेतली, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. नदीचा एवढा विचार त्यांनी केला. आपण पायऱ्यांच्या फटींत सिमेंट कोंबून मोकळे झालो.

काळा दगड पाणी फारसं पीत नाही, ओल दरजेतूनच, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातूनच, बाहेर पडते. ती वाट बुजली की पाणी शेजारच्या जुन्या चुन्यात शिरतं, चुना धुपतो, पायरी डुगडुगते. मग पिंपळ येतो. वरून छाटला तर पावसात दुप्पट फुटतो, ओढला तर दगडासकट निघतो. दगड उतरवून मूळच काढावं लागतं.

मागच्या खेपेला मजुरी न घेता महिनाभर राबलेले गवंडीकाका, सुरकीसाठी, म्हणजे विटांच्या चुऱ्यासाठी, पाडलेल्या वाड्याच्या विटा देणारं मधल्या आळीतलं घर, रोज संध्याकाळी गोणपाटं भिजवणाऱ्या गंगापुरीतल्या मावश्या यांचं ऋण फिटायचं नाही. उत्सवाच्या पंगतीला पानं कमी पडतात. चुना चाळायला मात्र सहा जण होतो. असो.

यंदा लागेल ते : कळीचा चुना ७०० किलो, चाळलेली वाळू १ ब्रास, विटांचा चुरा अर्धा ब्रास, जुनी गोणपाटं १५०. प्रमाण १ चुना, १ सुरकी, २ वाळू. चुना किमान २१ दिवस खड्ड्यात विरायला हवा, नाहीतर कच्चे खडे नंतर फुगून दरज फोडतात. म्हणून चुना आधी द्या, बाकीचं मागून चालेल. चुना विरवताना पाणी उकळतं, मुलांना आणू नये. दरज इंचभर खरवडून, धुऊन, ओली असतानाच भरायची आणि १४ दिवस गोणपाटाखाली ओली ठेवायची. चैत्राच्या उन्हात सुकली की तडकते. उत्सव उरकताच सुरुवात, मेच्या मध्यापर्यंत शेवट. पावसाआधी चुन्याला महिना तरी मिळाला पाहिजे.

नगरपालिकेची लेखी परवानगी हाती आहे. काम दर रविवारी सकाळी ७ वाजता, गणपती घाटावर. चेक मंडळाच्या नावे; रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. सिमेंटची पोती कृपया आणू नयेत, मागे दोनदा परत पाठवावी लागली.

आपला,
कार्यवाह