तुझी पाखाडी बघून आलो

रत्नागिरी,
ता. १९ जानेवारी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि कोपेनबर्गचे, तुमच्या बेल्जियममधल्या त्या दगडी चढाचे, फोटो दिवाळीत आले आणि उत्तर संक्रांत उलटल्यावर जातंय. शिव्या दे, ऐकून घेतो. पण नुसतं 'आम्ही मजेत, तुम्ही कसे' लिहायचं जिवावर आलं होतं. तू सांगितलेलं काम करूनच पत्राला बसायचं असं ठरवलं होतं. ते परवा झालं. सायकलने रत्नागिरीहून गुहागर गाठलं आणि जाता जाता तुमच्या वाडीत उतरून पाखाडी, तुमची ती जांभ्याच्या दगडांची उतरती पायवाट, बघितली. तिथं काय दिसलं ते सांगतोच, पण पत्राच्या शेवटाकडे उडी मारू नकोस. वाटेतले चढ मी चढलोय, आता तूही चढ.

पहाटे साडेपाचला निघालो. बायको म्हणाली, "या वयात?" मी म्हटलं, याच वयात, पुढच्या वयात गुडघे नसतील. शिरगाव मागे टाकून साखरतरच्या पुलावर आलो तेव्हा मिट्ट काळोख. खाडीवरून गार वारा आणि त्यात सुक्या मासळीचा वास. थंडी अशी की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. हसू नकोस, तुमच्या बर्फापुढे ही थंडी काहीच नसेल, पण आम्हाला मोहोर यायला एवढीच लागते. आणि यंदा मोहोर बरा आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कलमांचा तो आंबूस-गोड वास अंधारातही कळत होता.

उजाडलं आरे-वारेला. सुरूच्या बनातून सपाट रस्ता जातो, मग डोंगराच्या कडेने एकदम वर चढतो. त्या वळणावर उभं राहून आपण कॉलेजात भजी खाल्ली होती, आठवतंय? आता तिथं गाड्यांची आणि सेल्फीवाल्यांची जत्रा असते. सकाळी सातला मात्र मी, एक कुत्रा आणि खाली दोन्ही बाजूंना पसरलेले दोन किनारे, एवढेच होतो. नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळ्यापर्यंत पंचवीसेक किलोमीटर झाले. देवळात गेलो नाही, सायकलिंगची ती घट्ट चड्डी घालून रांगेत उभं राहायचं धाडस नव्हतं. बाहेरूनच हात जोडले. इथं सगळी टेकडीच देवाची मानतात, तेव्हा बाहेरून केलेला नमस्कारही पोचत असावा.

मालगुंडला चहा घेतला. केशवसुतांचं स्मारक इतक्या सकाळी उघडलेलं नव्हतं. १८६६ साली इथं जन्मलेल्या माणसाने मराठी कवितेची तुतारी फुंकली, आणि त्याच्या गावात मी कुठल्या वाकड्या दातांच्या चक्रावर चेन टाकायची याचा विचार करत खारी खात होतो.

पुढचं सगळं एकाच साच्यातलं, आणि त्यातच त्या रस्त्याची गंमत आहे. आधी खाडी, खाडीवरचा पूल, पुलाला लागून घाटी, वर सडा, सड्यावर दोन-चार किलोमीटर मोकळा वारा, आणि लगेच उतार पुढच्या खाडीत. जांभ्याचं पठार सलग असतं तर एकदाच चढून सुखात गेलो असतो. पण नद्यांनी आणि वहाळांनी ते जागोजागी कापलंय. म्हणून एकही चढ घाटासारखा लांब नाही आणि एकाही चढाचा सूड संपत नाही. शंभर-सव्वाशे मीटर कमवायचे आणि दहा मिनिटांत उधळून टाकायचे. तू फ्लांडर्सच्या टेकड्यांबद्दल लिहिलं होतंस ना, की एकेक टेकडी बघितली तर काहीच नाही, पण त्या मोजत मोजत माणूस संपतो? अगदी तसंच. फक्त तुमच्या कोपेनबर्गचे सहाशे मीटर आणि सर्वांत खडा भाग बावीस टक्के, असं सगळं कोणीतरी मोजून लिहून ठेवलंय. आमच्या घाट्यांना कोणी मोजलेलं नाही. एसटीचा ड्रायव्हर पहिला गिअर टाकतो, त्याच्यावरून काय तो अंदाज.

जयगडच्या सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणी लागल्या. तिथं मी जरा रेंगाळलो, कारण दगडाचा विषय तू काढला होतास. खाणीतला ताजा चिरा मऊ असतो. नखाने ओरखडा उठेल म्हणतात, तेवढा नसला तरी यंत्राचं पातं लोण्यातून गेल्यासारखं फिरतं आणि लाल धुरळ्याचा ढग उडतो. मग उन्हावाऱ्यात ठेवला की तोच चिरा कडक होतो. तुमच्याकडचे ते रस्त्यातले गोल माथ्याचे दगड, ज्यांना तिथले लोक 'पोरांची डोकी' म्हणतात, ते जन्मजात कडक. जांभा वयाने कडक होतो आणि पायांनी झिजतो. चिरे भरलेला एक ट्रक माझ्या अगदी कोपराजवळून गेला. पुढचा अर्धा तास मी तोंडातून लाल थुंकत होतो, पान न खाता.

जयगडच्या जेट्टीवर फेरीबोट सुटायच्या बेतात होती. सायकल दोन गाड्यांच्या मधे उभी केली आणि शास्त्री नदीच्या मुखातून पलीकडे तवसाळला. सबंध दिवसात ती तेवढीच मिनिटं पाय न हलवता पुढं सरकलो. खलाशाने विचारलं, "पेट्रोल परवडत नाय काय?"

तवसाळची घाटी मात्र खरी. बोटीतून उतरलं की पाय गार पडलेले असतात आणि समोर भिंत. पुढं ३४ दातांचं चक्र, मागं ३२ चं, त्याहून हलका गिअर माझ्याकडे नाही. दुसऱ्या वळणावर उतरलो. हो, उतरलो आणि ढकलली. तू कोपेनबर्गवर निम्म्यातून चालत गेलास हे तुझ्या पत्रात वाचलं होतं, म्हणून लाज निम्मी वाटली.

रोहिले, नरवण आणि मग हेदवी. हेदवीला भरती असती तर बामणघळीत, कातळातल्या त्या फटीत, उडणारं पाणी बघायला खाली गेलो असतो. पण ओहोटी होती आणि पोटात कावळे. एका घरगुती खानावळीत कुळथाचं पिठलं, भात, वर सोलकढी. तीन वाट्या प्यायलो. खानावळवाल्या काकूंनी चौथी न विचारता ओतली.

तीनच्या सुमाराला तुमच्या वाडीच्या वरच्या रस्त्याला पोचलो. आता तुझं काम.

तू लिहिलं होतंस, 'पाखाडी सायकलने उतरून बघ, कळेल तुला खरे दगड काय असतात.' उतरलो रे. तुझेच सल्ले पाळले. टायरमधली हवा कमी केली, हँडल सैल धरलं, वजन मागे टाकलं, पायडल आडवी ठेवली. वरच्या टप्प्यावर फसलो ते भलत्याच कारणाने. तिथं दगडच नाहीत. वरून साधारण निम्मी पाखाडी सिमेंटची झालीय, बाजूला लोखंडी कठडा, निळा रंग. मी दगडांच्या तयारीने गेलो आणि गुळगुळीत काँक्रीटवरून नको तेवढा वेग घेतला. मग जिथं काँक्रीट संपतं तिथं वीतभर पायरी पडलीय, आणि तिथून तुझा जुना जांभा सुरू. पुढचं चाक बरोबर त्या खाचेत.

पडलो तो पालथा. डोळ्यांपासून चार बोटांवर दगड होता, म्हणून तुझ्यासाठी नीट बघून घेतला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, भोकांत सुकलेलं शेवाळ, काळं पडलेलं. मधोमध पसरट खळगा, तळव्याएवढा, तेलकट गुळगुळीत. त्या खळग्यात तुझ्या आजीचेही पाय पडलेत आणि आपलेही, दहावीच्या सुट्टीत घागरी वाहताना. कोपर सोलवटलं, चेन उतरली, बाकी काही नाही. सायकल खांद्यावर घेतली आणि उरलेल्या पायऱ्या चालत उतरलो. मोजल्या. जुन्या एक्केचाळीस आहेत.

तुमच्या शेजारच्या वहिनी पडवीत सुपारी सोलत होत्या. "लागला काय?" म्हणाल्या आणि हळद आणायला उठल्या. उठताना खांबाला धरून. मग कळलं, दोन पावसाळ्यांपूर्वी त्या याच पाखाडीवर शेवाळावरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. डोली करून वर न्यावं लागलं. त्याच्यानंतर वाडीने वर्गणी काढली आणि वरचा भाग करून घेतला. पैसे जमले की उरलेलाही करणार आहेत. मी तुझं म्हणणं त्यांच्या कानावर घातलं, तू सांगितलंस तसंच, की चांगली घडीव पाखाडी आहे, दुरुस्त करता आली तर मोडू नये. तिकडे युरोपात असे दगडी रस्ते जपतात, लोक हौसेने दगड परत बसवतात, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मित्राला सांग, दगड पाहिजेत तर घेऊन जा. आमाला चालायला वाट पाहिजे."

मला हसू आलं, कारण तुझ्या त्या पॅरिस-रूबे शर्यतीत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून रस्त्यातला दगडच देतात, असं तूच लिहिलं होतंस. १८९६ पासून चाललेली शर्यत, पन्नासावर किलोमीटर दगडांवरून हाल काढायचे, आणि शेवटी हातात एक दगड. वहिनींना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला हळदीबरोबर आणखीही काही लावलं असतं.

राग मानू नकोस मिलिंद, पण मी वहिनींच्या बाजूचा आहे. तू आणि मी त्या दगडांवरून वर्षातून एकदा जाणार, तेही हेल्मेट घालून. माझी तक्रार फक्त जोडाच्या त्या पायरीची आहे. ती उतरती करून घ्या म्हटलं, नाहीतर पुढचा पडणारा माझ्यासारखा रिकामटेकडा नसेल. वहिनींच्या मुलाने मान डोलावली. सिमेंटची अर्धी गोण उरलीय म्हणे.

आणि एक बघायला मिळालं ते तुला आवडेल. वरच्या भागातले काढलेले चिरे त्यांनी फेकले नाहीत. तुमच्या परड्याच्या कडेचा गडगा ढासळला होता, तो त्यांनीच रचून दिलाय. ओळीने लावलेत, पण आडवे नाहीत, उभे. त्यामुळे पायांचे ते खळगे आता आपल्याकडे तोंड करून भिंतीत दिसतात. दोन-तीन खळग्यांत कोणीतरी पोरांनी करवंट्या बसवल्यात. फोटो काढलाय, पण ऊन समोरून होतं, नीट आला नाही.

तिथून पुढं वेळणेश्वर, पालशेत. पालशेतच्या चढावर पायात गोळे आले, रस्त्याकडेला बसून मीठ-लिंबू चाटलं. गुहागरच्या खालच्या पाटात शिरलो तेव्हा सूर्य बुडत होता. मीटरवर ९४ किलोमीटर. रात्री मावसभावाकडे जेवताना ताटावरच डुलकी लागली. परत येताना सायकल नारळाच्या टेंपोत घालून आणली, त्याबद्दल कुठं बोलू नकोस.

तू येशील तेव्हा बत्तीस मिलिमीटर रुंदीचे टायर घेऊन ये, अठ्ठावीसचे माझे पुरे पडले नाहीत. आणि डिसेंबर-जानेवारीतच ये. मे महिन्यात तवसाळच्या घाटीत मी तुला ढकलणार नाही.

एक राहिलंच. तुमच्या मागच्या अंगणातला फणस वहिनींच्या पडवीवर कललाय. पावसाच्या आत फांदी उतरवायला हवी असं त्यांचं म्हणणं. तुझ्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून थांबल्यात. काय करायचं ते मार्चपर्यंत कळव, म्हणजे मी माणूस घेऊन जातो.

आईचा तुला आशीर्वाद. तुझ्याकडच्या वहिनींना आणि मुलांना नमस्कार.

तुझा,
शिरीष