गोडाऊनचा पत्रा मोठा, मीटर लहान

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या छतांवरची सौर वीज शेजारच्या घरांच्या बिलात वजा करता यावी, यासाठी हे पत्र. अमळनेरला आमचं धान्याचं गोडाऊन आहे, वडिलांच्या काळातलं. आधी सिमेंटचे पत्रे होते, ते काढून आठ वर्षांपूर्वी लोखंडी कलर कोटेड पत्रा टाकला. छत जवळपास २० हजार स्क्वेअर फूट भरतं आणि मीटर किती लोडचं, तर ५ किलोवॅटचं. कारण आत चालतं काय, दिवे, चार पंखे, वजनकाटा आणि दादर ज्वारी आणि हरभरा साफ करायची चाळणी, तीही सीझनपुरती. आता नेट मीटरिंगचा, म्हणजे सोलरची जास्तीची वीज महावितरणच्या तारांत (ग्रीडमध्ये) सोडून बिलातून वजा करून घ्यायचा, नियम असा की जेवढा मंजूर लोड तेवढंच सोलर बसवता येतं. ५ किलोवॅटला ५०० स्क्वेअर फूट जागा लागते, म्हणजे बाकीचं साडेएकोणीस हजार स्क्वेअर फूट छत नुसतं तापत पडून राहणार. लोड वाढवून घ्यायचा म्हटलं तर दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो आणि वापर तर नाहीच, मग कोण वाढवेल.

हे एकट्या माझं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत फिरा, जिनिंगचे शेड बघा. कापूस येतो तेव्हा चार-पाच महिने मशीन धडधडतात, मग उन्हाळा-पावसाळा छत रिकामं. मार्केट कमिटीतले शेड, खतांची गोडाऊनं, मंगल कार्यालयं, सगळीकडे छत मोठं आणि विजेची गरज लहान नाहीतर हंगामी.

आता दुसरी बाजू. गोडाऊनच्या मागच्या गल्लीत दीडशेच्या वर घरं आहेत, निम्मे लोक भाड्याने राहतात, आमचे हमाल, रिक्षावाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किलोवॅट आणि वर ७८ हजार सबसिडी, योजना चांगलीच आहे, माझ्या भावाने बंगल्यावर बसवली, बिल शून्याजवळ आलं. पण त्यासाठी स्वतःचं घर पाहिजे, वर पॅनल बसतील असं छत पाहिजे. भाडेकरूने काय करायचं? दोन खोल्यांवर जुना पत्रा, त्यावर दगड ठेवलेले, तिथे पॅनल कुठे बसवणार. आमचे मुकादम तात्या मागच्या मे महिन्यात पत्र्याकडे बघून म्हणाले, "शेट, इतलं ऊन वाया जाई ऱ्हायनं, आमले बिल मात्र भरनंच पडस." तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मी हिशोब करून पाहिला. कडेची जागा, चालायची वाट, सावली सोडून माझ्या छतावर १२ हजार स्क्वेअर फूट तरी वापरता येतं, १ किलोवॅटला १०० स्क्वेअर फूट धरा, म्हणजे १२० किलोवॅट. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे रोज ४८० आणि महिन्याला १४ हजारांच्या आसपास युनिट. महिन्याला १०० युनिट वापरणारं घर धरलं आणि धूळ, बिघाड यासाठी थोडी घट धरली तरी सव्वाशे घरांचं भागतं. एका गोडाऊनच्या पत्र्यावर जवळपास अख्खी गल्ली. (इथे एक सांगतो, आपल्याकडे लोकांना वाटतं मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ डिग्री म्हणजे वीजही सगळ्यात जास्त, तसं नाही. पॅनलला ऊन पाहिजे पण उष्णता नको, पॅनल २५ डिग्रीच्या वर जेवढं तापेल तेवढी दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते आणि भर उन्हात पॅनल ६०-६५ पर्यंत सहज जातं. म्हणून स्वच्छ आकाशाचा फेब्रुवारी-मार्च मे पेक्षा काही कमी नसतो. वर्षाचा हिशोब करावा, उन्हाळ्याचा नको.)

वीज माझ्या छतावर तयार झाली आणि वजावट मागच्या गल्लीतल्या सव्वाशे बिलांत झाली, याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. वेगळी तार कोणाच्या घरी ओढायची नाही, युनिट ग्रीडमध्ये जातात आणि ज्याचा जेवढा वाटा तेवढे युनिट त्याच्या बिलातून कमी होतात. दिल्लीत याचे नियम २०१९ मध्येच झाले. माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीला आहे, तो सांगतो तिकडे वेअरहाऊसची छतं भाड्याने घेऊन हेच करतात, त्या राज्याने २०१९ मध्ये पायलट सुरू केलं आणि २०२३ मध्ये ते कायमचं केलं, आणि ५१ टक्के वाटा कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांसाठी ठेवावा लागतो. मला ही अट फार आवडली. आपल्याकडे मी एका कार्यालयात विचारायला गेलो तर तीन टेबलं फिरवलं आणि शेवटी सांगितलं की तुमच्या नावावर तुमचंच मीटर, दुसऱ्याचं काय घेऊन बसलात.

मधल्या काळात एका कंपनीचा माणूस आला. छत २५ वर्षं भाड्याने द्या, वर्षाला फुटाला ५ रुपये देतो म्हणाला. वीज कोणाला देणार विचारलं तर म्हणे एका कारखान्याला, ओपन ॲक्सेसने, म्हणजे ग्रीडच्या तारांतून दूरच्या ग्राहकाला थेट विकून. म्हणजे बघा, ग्रीन ओपन ॲक्सेसचे २०२२ चे नियम आले, ज्याचा लोड १०० किलोवॅट किंवा जास्त त्याला दुसरीकडची सौर वीज घेता येते, आणि तात्याच्या घराचा लोड १ किलोवॅट, त्याला नाही. माझ्याच छतावरची वीज ५० किलोमीटरवरच्या कारखान्याला जाऊ शकते पण भिंतीपलीकडच्या घरात कशी जाईल हे कोणी सांगत नाही, हे मला पटत नाही.

तरी मी करारनामा वाचायला घेतला, वाचता येत नव्हता म्हणून वकिलाकडे नेला. ज्यांना अशा ऑफर येत असतील त्यांनी हे नीट वाचा. भाडं २५ वर्षं तेवढंच, एक रुपया वाढ नाही. पत्रा गळला तर दुरुस्ती मालकाची, पॅनल काढून परत बसवायचा खर्चही मालकाचा, भोकं कोणीही पाडलेली असोत. मालकाला मधेच सोडता येत नाही, कंपनीला मात्र ९० दिवसांच्या नोटिशीवर सोडता येतं. वर असं की सहीनंतर दोन वर्षं "सर्व्हे आणि मंजुरीचा काळ", त्यात भाडं नाही पण छत दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि २५ वर्षांनी पॅनल कोण उतरवणार यावर एक ओळसुद्धा नाही. मी सही केली नाही.

एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो, नुसत्या स्टॅम्प पेपरवर करू नका. गोडाऊनवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी घ्या, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर जमीनच मुळात एमआयडीसीकडून भाडेपट्ट्याने असते, त्यांना विचारल्याशिवाय छत देऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा, पॅनल आणि अँगल मिळून चौरस मीटरला १५ ते २० किलो वजन येतं, आणि आपल्याकडे वळवाच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात ते वारं वेगळंच, पॅनल खालून उचललं गेलं तर पत्रा घेऊन जाईल. सिमेंटच्या पत्र्यावर तर कोणी फुकट देतो म्हटलं तरी नको, तो माणसाच्या पायाने फुटतो. जिनिंगवाल्यांनी आगीचं आधी बघावं, कापसाच्या शेडवर ढिली वायर म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको.

मग हे करायचं कोणी? माझं म्हणणं, गल्लीतल्या लोकांची सहकारी संस्था करावी आणि छत संस्थेने भाड्याने घ्यावं. सहकार म्हटलं की लोक तोंड फिरवतात हे मला माहीत आहे, आमच्या घरातलेच पैसे एका पतसंस्थेत अडकले, आईच्या दवाखान्याच्या वेळेला मिळाले नाहीत, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच इथे ठेव घेण्याचा विषयच नको. किलोवॅटला ५० हजारांच्या आसपास खर्च धरला तर १२० किलोवॅटला ६० लाख लागतात, ते बँकेने प्रकल्पाला द्यावेत, सभासदाने दर महिन्याला जुन्या बिलापेक्षा कमी रक्कम भरावी आणि त्यातून हप्ता, छताचं भाडं, धुणं-पुसणं आणि विमा निघावा. मीटरचे आकडे दर महिन्याला गोडाऊनच्या भिंतीवर लिहावेत, किती युनिट झाले, कोणाच्या बिलात किती गेले. भाडेकरू घर बदलून गावातच दुसऱ्या गल्लीत गेला तर वाटा त्याच्या नवीन ग्राहक क्रमांकावर जावा, ही सोय नसेल तर भाडेकरूला याचा उपयोग नाही.

जमिनीवरचे मोठे प्रकल्प नकोत असं मी म्हणत नाही, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. पण १ मेगावॅटला चार-पाच एकर जमीन जाते, आणि वीज प्रकल्पाच्या जमिनीच्या मोबदल्यासाठी धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि जीव गमावला, हे खान्देशाच्या मनातून गेलेलं नाही. छतासाठी कोणाची जमीन घ्यावी लागत नाही, कोणाचं पीक जात नाही.

आपल्या पेपरमार्फत वीज नियामक आयोगाला आणि महावितरणला माझी विनंती आहे की छताच्या मालकाचा मंजूर लोड ही मर्यादा अशा सामुदायिक प्रकल्पाला लावू नये, ट्रान्सफॉर्मरची क्षमता बघा, ते बरोबर आहे. छत भाड्याचा एक नमुना करारनामा मराठीत काढावा, त्यात भाडेवाढ, गळतीची जबाबदारी आणि शेवटी पॅनल उतरवणं हे तीन मुद्दे असलेच पाहिजेत. आणि प्रत्येक उपविभागात एक माणूस नेमावा ज्याला याचं विचारलं तर टेबलं फिरावी लागणार नाहीत.

माझं छत मी द्यायला तयार आहे. पहिली पाच वर्षं फुटाला ३ रुपये चालतील, कंपनीच्या ५ पेक्षा कमी, पुढे दर पाच वर्षांनी वाढ ठरवू. पत्र्यावर पॅनलची सावली पडून गोडाऊन थंड राहील, हमालांना दुपारी पोती उचलताना जीव घाबरा होणार नाही, तोही माझा फायदाच आहे. तात्यांनी गल्लीतल्या ६४ घरांची वीजबिलं गोळा करून पिशवीत आणून दिली आहेत, ती माझ्या कपाटात आहेत.

आपला,
एक गोडाऊन मालक, अमळनेर