निसर्ग परिचय केंद्राचे दार सकाळी सहाला उघडा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठवाड्यातील अभयारण्यांच्या निसर्ग परिचय केंद्रांत कुटुंबांसाठी महिन्यातून दोनदा कार्यक्रम सुरू करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात जंगल थोडे आहे, हे आपल्याला सांगायला नको. लातूर जिल्ह्यात तर वनक्षेत्र क्षेत्रफळाच्या एक टक्काही भरत नाही. जे आहे ते तुकड्या-तुकड्यांत आहे. कन्नडकडचे गौताळा औट्रमघाट, पैठणचा नाथसागर, बीड जिल्ह्यातले नायगावचे मयूर अभयारण्य, धाराशिव जिल्ह्यातले येडशी रामलिंग घाट. अशा ठिकाणी निसर्ग परिचय केंद्र करायचे म्हटले की आपल्याकडे प्रस्ताव इमारतीचा होतो. कमान, फायबरचा बिबट्या, भिंतभर फ्लेक्स, एक मोठा पडदा. दोन उन्हाळे गेले की फ्लेक्सचा रंग उडतो आणि पडदा विजेअभावी काळा राहतो. मग कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, इथपासून विचारपूस करावी लागते.

आमची मागणी इमारतीची नाही. आहे त्या केंद्रात ठरलेला माणूस, ठरलेली वेळ आणि एक पेटीभर साहित्य द्या. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आई-वडील, आजी-आजोबा आणि मुले यांच्यासाठी दीड तासाचा कार्यक्रम वर्षभर न चुकता व्हावा, एवढेच मागणे आहे. तो कसा चालवायचा, हे पुढे तपशिलाने लिहीत आहोत, कारण अशा गोष्टी बिघडतात त्या तपशिलातच.

आधी वेळेचे. केंद्र सकाळी दहाला उघडत असेल तर तिथे निसर्गातले दाखवायला फारसे काही उरत नाही. मार्च ते जून पक्ष्यांची हालचाल साडेआठपर्यंत मंदावते आणि माणसांनाही ऊन सोसत नाही. त्या महिन्यांत कार्यक्रम सहा ते साडेसात असावा. थंडीत पावणेसात ते सव्वाआठ चालेल. साप्ताहिक सुट्टी रविवारी नको, सोमवारी ठेवा. कर्मचाऱ्याला पहाटे यावे लागते, म्हणून त्याची बदली सुट्टी आदेशातच लिहिलेली असावी. नाहीतर दोन महिन्यांत कार्यक्रम आपोआप दहावर सरकतो.

शाळांच्या सहली येतात, मग कुटुंबे वेगळी कशाला, असे विचारले जाईल. सहलीत पन्नास-साठ मुले, दोन शिक्षक आणि अकराला पोचणारी बस असते. मूल चांगले काही शिकले तरी ते घराच्या उंबऱ्यावर थांबते. धामण बिनविषारी असते आणि शेतातले उंदीर खाते, हे मुलाला कळले. पण गोठ्यात धामण निघाल्यावर काठी घ्यायची की नाही, हे घरातला मोठा माणूस ठरवतो. म्हणून दोघांनी एकाच वेळी ऐकायला हवे. दुसरी बाजू अशी की पुष्कळ माहिती घरातच असते. तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी या रानभाज्या ओळखणारी आजी गटात असेल तर मार्गदर्शकाने गप्प बसून तिला बोलू द्यावे. नातवंडांपुढे आजीला आलेले उत्तर कोणत्याही फलकापेक्षा जास्त काळ टिकते.

गट पाच कुटुंबांचा, वीस माणसांचा. त्याहून एकही जास्त नको. पुढे मार्गदर्शक, मागे मदतनीस. चालणे एकूण एक किलोमीटरच्या आत, कारण पाच वर्षांचे मूल त्यापुढे कंटाळते आणि मग त्याला उचलण्यात आई-वडिलांचे लक्ष जाते. हमखास होणारी चूक म्हणजे मोठी माणसे मुलांना पुढे सोडून मागे फोन बघत उभी राहतात. समजावून सांगून हे सुटत नाही, काम देऊन सुटते. प्रत्येक कुटुंबाला एकच दुर्बीण आणि एकच वही द्यायची. दुर्बीण मुलाकडे, वही मोठ्या माणसाकडे. मूल सांगेल ते मोठ्याने लिहायचे.

दुसरी चूक मार्गदर्शकाची असते. तो नावांचा पाढा वाचतो. पहिली दहा मिनिटे कोणत्याच पक्ष्याचे नाव सांगायचे नाही, असा नियमच करावा. तो काय करतोय, कुठे बसलाय, शेपटी हलवतोय का, एकटा आहे की थवा, एवढेच विचारावे. वेडा राघू तारेवरून सूर मारून माशी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन बसतो, हे एकदा स्वतः पाहिले की नाव सांगावे लागत नाही, मूलच विचारते.

साहित्याच्या खरेदीत एक गोष्ट कृपया पाहावी. निविदेत १०×५० च्या, म्हणजे दहा पट मोठे दाखवणाऱ्या आणि पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे असलेल्या दुर्बिणी मागवू नयेत. त्या जड असतात, लहान हातात थरथरतात आणि मुलांना काही दिसत नाही. ८×४० किंवा ८×३२ च्या सहा पुरेत. देण्याआधी दोन्ही नळ्या मुलाच्या डोळ्यांच्या अंतरावर आणून द्यायच्या आणि चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी दुमडायची. मग आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पाहून, नजर न हलवता दुर्बीण वर आणायला शिकवायचे. या तीन गोष्टी न केल्यास मूल ‘दिसलं’ म्हणते, पण त्याला काहीच दिसलेले नसते. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते. म्हणून दुर्बिणी हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या कराव्यात. याशिवाय दहा पट मोठे दाखवणारी सहा भिंगे, चार पांढरे ट्रे आणि मऊ ब्रश लागतात. एवढ्यावर पेटी पूर्ण होते.

नाथसागरावर मात्र तिपाईसह एक स्पॉटिंग स्कोप (लांबचे पाहायची एकनळी दुर्बीण) हवाच, कारण पक्षी काठापासून दूर बसतात. तो वीस-तीस पटीवरच ठेवावा. साठ पटीवर नेला की ऊन चढल्यावर पाण्यावरची गरम हवा थरथरते आणि सगळे धूसर होते. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. त्यामुळे सकाळी पैठणच्या बाजूने पश्चिमेकडे पाहिले तर सूर्य पाठीशी राहतो आणि रंग दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला वारकरी पक्षी तिथे शेकड्यांनी पोहत असतो. पैठणच्या मुलांना हे नाव दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

नाथसागराचे वेळापत्रक तारखेवर बांधू नये, पाण्याच्या पातळीवर बांधावे. पाऊस चांगला झाला की हिवाळ्याच्या सुरुवातीला जलाशय काठोकाठ असतो, उथळ चिखल उरत नाही आणि चिखलात चरणारे पक्षी कमी दिसतात. तेव्हा चक्रवाक, थापट्या अशी बदके दाखवावीत. पाणी ओसरून गाळपेऱ्याची जमीन उघडी पडू लागली की शेकाटे, तुतारी आणि पुढे रोहित (फ्लेमिंगो) यांचे दिवस येतात. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबरला असतो. तो जरूर साजरा व्हावा, पण तेवढ्यावर वर्ष संपू नये. आणि त्या ओल्या गाळावर मुलांना उतरू देऊ नये. वरून तो वाळल्यासारखा दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो.

वेळापत्रकात आणखी एक गोष्ट धरावी लागेल, आणि ती मुंबईतून सहज दिसणार नाही. नायगावच्या परिसरातली पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच हंगाम धरला तर अभयारण्याला लागून राहणारी मुलेच वगळली जातील. सुदैवाने मोराचे दिवस त्यांच्या घरी असण्याच्या दिवसांत येतात. मिरगापासून श्रावणापर्यंत मोर पिसारा फुलवतो आणि गणपतीच्या पुढे-मागे त्याची लांब पिसे गळतात. निरीक्षण आडोशामागून, निदान पन्नास मीटरवरून व्हावे. मोबाईलवर मोराचा आवाज वाजवून त्याला बोलावण्यावर सक्त बंदी हवी, कारण त्याने नर विनाकारण बिथरतात. लगतच्या गावांतल्या कुटुंबांना प्रवेश शुल्क नसावे.

माग वाचण्याचा उपक्रम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात रंगणारा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागा साफ करायची, त्यावर चाळलेल्या बारीक वाळूचा पाच सेंटिमीटर थर द्यायचा, संध्याकाळी पाणी शिंपडून फळीने सपाट करायचा. पहाटे सातच्या आत पाहायचा, नंतर वारा आणि गुरे सगळे पुसतात. काळ्या मातीत हे करू नये. ओली असली की ती चिकटते, वाळली की भेगाळते, ठसा धरत नाही. ठशात नखे उमटली तर कुत्रा, कोल्हा, खोकड. नसतील तर मांजराच्या कुळातले, कारण ती नखे आत ओढून चालतात. ठसा जपायचा तर पुठ्ठ्याची कडी लावून दोन भाग प्लास्टर आणि एक भाग पाणी ओतायचे. ते थेट ठशावर ओतले तर ठसा मोडतो, कडेने सोडावे. अर्धा तास हात लावायचा नाही. लहान मुलांना तो अर्धा तास कठीण जातो, म्हणून तेवढ्यात दुसरी फेरी ठेवावी.

अभयारण्यातून पान, पीस, दगड, घरटे काहीही उचलायचे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तसे सांगतो आणि मुलांना ते पहिल्याच दिवशी सांगायला हवे. म्हणून हाताळायचे सगळे केंद्राच्या आवारात असावे. आवारात लॉन लावू नका. तिथे पवना, मारवेल, कुसळ ही इथली गवते वाढू द्या आणि रुई, लिंबू, कढीपत्ता लावा. रुईच्या पानाखाली बिबळ्या कडवा फुलपाखरू अंडी घालते. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे दुसऱ्या रविवारी अळी पाहिलेले कुटुंब चौथ्या रविवारी कोष पाहायला स्वतःहून परत येते. आम्ही पंधरवड्याचा धरलेला आग्रह याचसाठी आहे. अडचण एवढीच की साफसफाई करणारा माणूस रुई तण म्हणून उपटतो किंवा कीड दिसली म्हणून फवारणी करतो. त्याला पहिल्या कार्यक्रमात सहभागी करून घ्यावे.

गवताची कुसळे लागायच्या दिवसांत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बुटावरून जुना मोजा चढवून पन्नास पावले चालायला लावावे. मोज्याला लागलेले कुसळ, आघाडा, गोखरू भिंगाखाली पाहायचे. बी कसे प्रवास करते, याला वेगळे भाषण लागत नाही.

पावसाळ्यात महिन्यातला एक कार्यक्रम रात्री सात ते साडेआठ ठेवता येईल. दोन बांबूंना पांढरी सुती चादर बांधायची, खालचा फूटभर भाग जमिनीवर पसरायचा. साध्या एलईडी दिव्याला पतंग फारसे येत नाहीत, कारण त्यात अतिनील किरण जवळपास नसतात. त्यासाठी मर्क्युरी बल्ब किंवा अतिनील नळी लागते, आणि तिच्याकडे कोणी थेट पाहू नये. अमावस्येच्या आसपासची, वारा नसलेली रात्र निवडावी. चांदणे किंवा रस्त्याचा दिवा असेल तर चादर रिकामी राहते. अतिनील टॉर्चखाली इंगळी हिरवट चमकते, हे मुले कधी विसरत नाहीत. पण त्याच कारणाने बंद बुटांशिवाय कोणालाही आत घेऊ नये.

उन्हाळ्यात पाणवठ्यांवर गट नेऊ नयेत. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणारी प्राण्यांची गणना वेगळी. वीस माणसे रविवारी पाण्याजवळ बसली तर तहानलेली जनावरे परत जातात.

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, घरदार शेतात जाते, आंबील-भज्जीचे जेवण होते. कुटुंबाने एकत्र रानात जाण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. येडशीच्या केंद्राने येळवशीच्या आधीच्या रविवारी कुटुंबांना एक पानी पक्षी-यादी द्यावी आणि नंतरच्या रविवारी भरून आणलेली परत घ्यावी. शेतावरच्या नोंदी फुकट मिळतील.

सुरक्षिततेचे थोडक्यात. आग्या मोहोळ असलेल्या कड्यांखाली गट थांबवू नये, तिथे धूर, अत्तर, दगड वर्ज्य. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात शिल्लक आहे, हे फोन करून विचारावे. साप चावल्यास आवळून बांधणे आणि चिरा देणे टाळायचे, अवयव हलू द्यायचा नाही आणि १०८ वर फोन करायचा. जलसंजीवनीची पाकिटे आणि वीस लिटर पाणी सोबत असावे.

शेवटी माणसाचा प्रश्न. लगतच्या गावातले चार तरुण-तरुणी प्रत्येक केंद्राला निवडावेत, त्यांत निदान दोन मुली असाव्यात, म्हणजे घरच्या बायका मोकळेपणाने येतात. त्यांचे मानधन दर कार्यक्रमाला ठरलेले असावे आणि ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत त्याच आठवड्यात मिळावे. मानधन सहा महिने थकले की चांगला मार्गदर्शक पुण्याला कामाला निघून जातो आणि त्याच्याबरोबर सगळी तयारी जाते. हा खर्च जिल्हा वार्षिक योजनेत दरवर्षीचे स्वतंत्र लेखाशीर्ष म्हणून दाखवावा, एकदाच्या कार्यक्रमाचा निधी म्हणून नको.

वर नाव घेतलेल्या चार ठिकाणी येत्या मिरगाच्या पंधरवड्यात पहिला कार्यक्रम व्हावा, यासाठी आपण संबंधित उपवनसंरक्षकांना वेळ, गटसंख्या आणि मानधन या तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेले पत्र द्यावे, ही विनंती. पहिल्या चार महिन्यांचे प्रशिक्षण आणि मार्गदर्शकांसोबत प्रत्यक्ष उभे राहण्याचे काम आम्ही विनामूल्य करू.

आपले,
मराठवाड्यात निसर्गशिक्षणाचे काम करणारे कार्यकर्ते