मावशी, तुमची फ्रेम अजून तिथेच आहे

मावशी, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल, तसं त्याच्याशी ठरलंय माझं. सगळ्यांना दिसेल असं मुद्दाम लिहितोय, कारण फोनवर मी मधमाश्यांबद्दल थँक्यू म्हटलं की तुम्ही "आसू दे रं" म्हणून फोन ठेवून देता आणि मला बोलायचं असतं ते राहूनच जातं.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो, हे तुम्हाला कधी बोललो नाही. गेल्या फेब्रुवारीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आंब्याच्या फांदीला मधमाश्यांचा घोळका लटकला होता. तासाभरात कोणीतरी औषध मारणाऱ्याला बोलावलं, त्याने फवारलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या ताई सुपलीत माश्या भरत होत्या आणि माझी मुलगी स्कूलबसची वाट बघत तिथेच उभी, तिने विचारलं, बाबा ह्या कोणाला चावल्या होत्या का? कोणालाच नव्हत्या चावल्या. फवारत होते तेव्हा मी वरून खिडकीतून बघत होतो आणि खाली उतरलो नव्हतो. ते आत कुठेतरी टोचत राहिलं वर्षभर.

म्हणून यंदा शिमग्याच्या आधी गेटजवळच्या शेवग्यावर घोळका दिसला तेव्हा ऑफिसला जाता जाता गाडी तिथेच लावली, वॉचमनकाकांना सांगितलं कोणाला जवळ येऊ देऊ नका, आणि ज्या मित्राच्या शेतावर तुमच्या मधमाश्यांच्या पेट्या असतात त्याला फोन लावला. त्याने तुमचा नंबर दिला. तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात, केवढ्या हाईत आन् पोळं हाय का नुसत्या माश्या? मी म्हटलं पोळं नाही, नुसत्या माश्याच, एकमेकींना धरून, पपईएवढा घड. "मग त्या वाटंला लागल्यात, थांबत्याल का न्हाई सांगता येत न्हाई, निघते मी." आणि खडकवासल्याच्या पुढून, स्वारगेटला पीएमटी बदलून, दोन तासांत तुम्ही पेटी घेऊन गेटवर हजर, पेटीला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला आणि पिशवीतून गवती चहाची पात बाहेर आलेली.

कमिटीतले काही जण लांब उभे होते, घाबरलेलेच होते, त्यांना तुम्ही काय छान समजावलंत. जुनं घर भरलं की नवी राणी तयार होते, मग जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन निघते, निघताना सगळ्या पोटभर मध पिऊन घेतात आणि नवीन जागा मिळेपर्यंत अशा कुठेतरी टेकतात. "पोट भरल्यालं, राखायला घर न्हाई, लेकरं न्हाईत, कशापायी चावत्याल?" हे वाक्य आता आमच्या वॉचमनकाकांना तोंडपाठ आहे. आणि लगेच हेही बजावलंत की ह्या सातेरी, म्हणजे पेटीत राहणाऱ्या जातीच्या आहेत म्हणून, आग्या असत्या तर मी पण लांबूनच बघितलं असतं, आग्या पेटीत राहत नाही आणि तिच्या वाटेला जायचं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा प्लीज, गडावर नाहीतर उंच बिल्डिंगच्या छज्जाला जे मोठं पोळं लोंबत असतं ते आग्याचं, त्याच्याजवळ मोबाईल घेऊन जाऊ नका, दगड तर अजिबात मारू नका.

मग तुम्ही मला हाताला धरून जवळ नेलंत आणि घोळक्याच्या वरच एक माशी दाखवलीत, थरथर करत सरळ चालायची, वळून मागे यायची, परत तेच. ती जागा बघून आलेली माशी, बाकीच्यांना पत्ता सांगतेय म्हणालात. तिच्या पाठीवर करडी धूळ होती. तुम्ही समोरच्या बांधकामाकडे बघून म्हणालात, तिकडं शिरली असंल एखाद्या भोकात. मी त्या रात्री वाचत बसलो तर कळलं की १९४९ साली म्युनिकमधे मार्टिन लिंडाउअर नावाच्या संशोधकाला घोळक्यावर नाचणाऱ्या माश्या अशाच मळलेल्या दिसल्या होत्या, काजळी, विटांची भुकटी, पीठ लागलेल्या, आणि त्यावरूनच त्याला सुचलं की ह्या फुलांवरून आलेल्या नाहीत, घर शोधून आल्यात. मावशी, तुम्हाला ते नाव माहीत असायचं कारण नाही पण तुम्ही धूळ बघून तेच ओळखलंत, मला अंगावर काटा आला वाचताना.

पेटीच्या आत तुम्ही गवती चहाची पात चुरगाळून चोळलीत, माश्या एकमेकींना बोलवायला जो वास सोडतात त्याच्या जवळचा हा वास. घोळक्यावर पाण्याचा बारीक फवारा मारलात. आणि मग बांगड्या वर सारून, हातमोजे नाहीत काही नाही, ओंजळ खालून घातलीत आणि माश्या काढल्यात. भिजवलेले मूग ओंजळीत घ्यावेत तशा. बोटांच्या फटीतून गळत होत्या, मनगटावरून चालत होत्या, आणि तुम्ही त्यांच्याशी हळू काहीतरी बोलत होतात. तिसऱ्या ओंजळीत राणी आली, बाकीच्यांपेक्षा लांब, काळपट, तुम्ही ती आत सोडलीत आणि म्हणालात आता बघ. दारावर दहा-बारा माश्या ओळीने उभ्या राहिल्या, शेपटाकडचा भाग वर, पंख जोरात, आणि फांदीवर राहिलेल्या, हवेत फिरणाऱ्या सगळ्या आपापल्या चालत आत जायला लागल्या, अगदी संध्याकाळची माणसं घरी परततात तशा. माझी मुलगी शाळेतून आली तेव्हा शेवटच्या जात होत्या. तिने पूर्ण बघितलं ते. गेल्या वर्षी सुपली बघितली होती तिने, त्यामुळे हे तिला दिसलं ह्याचे आभार कसे मानू कळत नाही.

अंधार पडल्यावर पेटी गच्चीवर नेली, पूर्वेकडे तोंड, स्टँडचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत म्हणजे मुंग्या नकोत, दाराला राणीगेट, म्हणजे बाकीच्या माश्या जातील पण राणी अडकेल अशी जाळी, शेजारी साखरपाणी. आणि जाताना तीनदा सांगितलंत, आठ दिवस झाकण उघडायचं नाही.

मी तिसऱ्या दिवशी उघडलं.

राणीगेटमधून शिरताना माश्यांच्या पायांवरचे परागाचे पिवळे गोळे गळून पडत होते, मला वाटलं त्यांना त्रास होतोय म्हणून गेट काढलं, आणि झाकण उचलून एक फ्रेम, म्हणजे माश्या जिच्यात पोळं बांधतात ती लाकडी चौकट, बाहेर काढली, मुलीला दाखवायला, भर दुपारी. नवीन पोळं होतं, खोबऱ्याच्या चकतीसारखं पांढरं आणि इतकं मऊ की फ्रेम तिरकी केली तसं तुटून खाली पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिकामी आणि सगळ्या माश्या शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीच्या पाइपावर. मी तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता, मला वाटलं तुम्ही चिडाल, आणि चिडायचा हक्कच होता तुमचा.

तुम्ही पुन्हा पीएमटी बदलून आलात. एक शब्द बोलला नाहीत. पिशवीतून ओल्या पंचात गुंडाळलेली एक फ्रेम काढलीत, तुमच्या स्वतःच्या पेटीतली, केळीच्या सोपाने बांधलेलं जुनं तपकिरी पोळं, त्यात अंडी, पांढऱ्या अळ्या, काही बंद झालेली घरं. म्हणालात, लेकरं आसली की माशी जागा सोडत न्हाई सहसा. पेटीत मधोमध ती फ्रेम लावलीत, पाइपावरच्या माश्या परत ओंजळीने आणल्यात, गेट स्वतः बसवलंत आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच बोललात, "माशीला घाई नसती बाळा."

ऐन हंगामात पेटीतून अळ्यांची फ्रेम काढून देणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नव्हतं. अंड्यापासून माशी व्हायला तीनेक आठवडे लागतात, म्हणजे तुमच्या पेटीत पुढच्या काही आठवड्यांत ज्या माश्या मध आणायला निघाल्या असत्या त्या तुम्ही एका अनोळखी माणसाला देऊन टाकल्यात, ते पण ज्याने तुमचं ऐकलं नव्हतं त्याला. पैसे विचारले तर चहा घेतलात आणि शेवग्याच्या शेंगांची जुडी. चहा पिता पिता सांगितलंत की हे सगळं तुम्ही गणेशखिंड रोडच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकलात. १९६२ पासून ती संस्था आपल्या पुण्यात आहे आणि मी आयुष्यभर त्या रस्त्याने जातोय, कधी आत गेलो नाही. आता जाऊन आलो.

आता खुशाली. एप्रिलच्या उन्हात पेटीवर ओलं गोणपाट टाकत होतो तुम्ही म्हणालात तसं, परातीत पाणी आणि बसायला दगड ठेवलेत, करंज फुलला तेव्हा सकाळी पेटीला कान लावला की आतून एकसारखा घूं आवाज यायचा, मुलगी रोज तो ऐकूनच शाळेत जायची. मध काढलेला नाही, यंदा काढणार पण नाही. सोसायटीच्या नोटीस बोर्डवर तुमचा नंबर नाही लावला, तुम्हाला विचारल्याशिवाय नको वाटलं, पण माझा लावलाय, घोळका दिसला तर आधी मला सांगा म्हणून, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतून फोन येऊन गेले.

तुमची फ्रेम अजून मधोमधच आहे, बाकीच्यांपेक्षा काळी, लगेच ओळखू येते. तुमचा पंचा आमच्याकडेच राहिलाय. धुऊन, घडी घालून ठेवलाय, रविवारी घेऊन येतो, मुलगी पण येतेय, तिला तुमच्या पेट्या बघायच्यात. झाकण तुम्ही म्हणाल तेव्हाच उघडू.

तुमचा,
कोथरूडचा बाळा