दारात उभ्या राहणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी बाबांचा केस पेपर निघायच्या आधीच तुम्ही त्यांचा ईसीजी काढायला लावलात, म्हणून हे पत्र. ‘ॲसिडिटी आहे हो, बाकी काही नाही,’ असं ते तुम्हाला सांगत होते. तुम्ही कपाळावरचा घाम बघितलात, मनगट धरलंत आणि ट्रॉलीसाठी वॉर्डबॉय मामांना हाक मारलीत. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत व्हावा लागतो, हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. बाबा घरी आले आहेत, बरे आहेत.

पण आभार एवढ्यापुरतेच नाहीत. बाबा आयसीयूत होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावरून तुमचं काम बघत होते. पावसाळा, त्यामुळे ओपीडी बंद झाली की तापाचे सगळे पेशंट कॅज्युअल्टीत. त्यात पेठ-इगतपुरीकडून भातलावणीत साप चावलेली माणसं, महामार्गावरचे अपघात घेऊन येणाऱ्या 108 च्या गाड्या. अशा गर्दीत सगळ्यांत अनुभवी सिस्टर आत न ठेवता दारात उभी केलेली, कोण लाल म्हणजे लगेच बघायचा, कोण पिवळा म्हणजे त्याच्यानंतरचा, कोण हिरवा म्हणजे थांबू शकणारा हे ठरवायला! हे ज्यांनी ठरवलं त्यांनाही माझा नमस्कार सांगा. एरवी दारात नवखं माणूस बसवलेलंच मी पाहिलं आहे.

हिरव्यांसाठी कोपऱ्यात वेगळं टेबल, एक डॉक्टर आणि एक ड्रेसर. टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, की घरी. गर्दी संध्याकाळी वाढते म्हणून चार ते बाराची मधली पाळी, त्यामुळे आठ वाजता पाळी बदलताना ओव्हर देताना-घेताना पेशंटकडे बघायला कोणी नाही असं होत नव्हतं.

मला सगळ्यांत मोलाचं वाटलं ते बेडसाठी फोनवर असलेल्या ब्रदरचं काम. ॲडमिट ठरलेला पेशंट वॉर्डात बेड मिळेपर्यंत कॅज्युअल्टीच्याच ट्रॉलीवर पडून राहतो आणि नव्याला ट्रॉली उरत नाही. खरी कोंडी इथे होते. इंग्लंडने चार तासांत पेशंट पुढे हलवायचं उद्दिष्ट ठेवलं, तरी तिथेही ट्रॉल्या कॉरिडॉरमध्ये लागतात, कारण वॉर्ड भरलेले असतात. खाली कितीही माणसं वाढवा, वरचे बेड हलले पाहिजेत. ब्रदर सकाळपासून प्रत्येक वॉर्डला विचारत होते, आज डिस्चार्ज कोणाचा, कागद कुठे अडलाय. त्यांच्या वाट्याला कोणाचं ‘थँक्यू’ येत नसेल. माझं त्यांना आवर्जून सांगा.

2027 ला सिंहस्थ आहे. शहरातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अशी एक सिस्टर दारात आणि असा एक माणूस बेडसाठी नेमावा, असं निवेदन मी महापालिकेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहे. त्यात तुमच्या कामाचा दाखला द्यायचा आहे. तुमची हरकत नसेल तर कळवा.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी
पंचवटी, नाशिक